तेल नेपाळचे, भाव वाशिमचा

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक सुरू झाली, की जिल्ह्याचा वर्षभराचा ताळेबंद तेथील काट्यावरच ठरतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात खरिपाच्या सुमारे चार लाख हेक्टरांपैकी तीन लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र एकट्या सोयाबीनखाली असते. शेती बहुतांशी कोरडवाहू, कारखानदारी नावापुरती. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची नावे आली त्यांत वाशिमचे एक होते. अशा जिल्ह्यात सोयाबीनचा भाव क्विंटलमागे पाचशे रुपयांनी उतरला, तर त्याचा अर्थ मुलीच्या लग्नापासून पीककर्जाच्या नूतनीकरणापर्यंत सर्वत्र जाणवतो.

२०२४ च्या हंगामात नेमके हेच घडले. केंद्राने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. विदर्भ-मराठवाड्याच्या खुल्या बाजारात बरेचसे व्यवहार चार ते साडेचार हजारांच्या दरम्यान होत राहिले. वास्तविक त्याच वर्षी १४ सप्टेंबरला, म्हणजे काढणीच्या तोंडावर, केंद्र सरकारने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलांवरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के आणि रिफाइंड तेलांवरील १२.५ वरून ३२.५ टक्के केले होते. उपकर व अधिभार धरता हा बोजा अनुक्रमे २७.५ आणि ३५.७५ टक्क्यांवर गेला. परदेशी तेल महाग झाले, की गिरण्या देशी सोयाबीनला अधिक भाव देतील, हा त्यामागचा सरळ हिशेब. तो पुरता जुळला नाही. त्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांपैकी सर्वांत मोठे कारण पुढे येईलच. परंतु एक कारण असे आहे, की ज्याचा उगम बाजार समितीत नाही, दिल्लीच्या अर्थ मंत्रालयातही नाही, तर शेजारी देशांशी केलेल्या व्यापार करारांच्या रचनेत आहे.

शुल्कवाढीनंतरच्या महिन्यांत नेपाळमधून भारतात येणाऱ्या रिफाइंड सोयाबीन तेलाचे प्रमाण झपाट्याने वाढले. तेलासाठी म्हणावे असे सोयाबीन नेपाळमध्ये पिकत नाही. तरीही जुलै २०२४ ते जुलै २०२५ या नेपाळी आर्थिक वर्षात सोयाबीन तेल हा त्या देशाच्या निर्यातीतील पहिल्या क्रमांकाचा माल ठरला. निर्यातीचे मूल्य शंभर अब्ज नेपाळी रुपयांहून अधिक होते. देशाच्या एकूण निर्यातीत ते एकतृतीयांशाहूनही जास्त भरले. हे तेल मुख्यतः दक्षिण अमेरिकेतून येते. नेपाळला समुद्रकिनारा नसल्याने जहाज भारताच्याच बंदरात लागते. तेथून पारगमन करारानुसार कच्चे तेल भारताचे शुल्क न भरता सीमेपार जाते, वीरगंज-विराटनगरच्या पट्ट्यातील कारखान्यांत रिफाइंड होते आणि पुन्हा भारतात येते; तेही शुल्क न भरता. भारतीय रिफायनरीला कच्च्या तेलावर २७.५ टक्के द्यावे लागत असताना तराईतील कारखान्याला द्यावा लागणारा नेपाळी कर त्याहून बराच कमी होता. वाहतुकीचा दुहेरी खर्च सोसूनही या उलाढालीत नफा उरतो, यावरूनच त्या तफावतीची कल्पना यावी.

याला तस्करी म्हणता येत नाही. कागदपत्रे कराराच्या चौकटीत बसवलेली असतात. म्हणूनच प्रश्न समजून घेण्यासाठी ती चौकट पाहणे भाग आहे.

वाडा आणि बिऱ्हाडे

शेजारी देश आर्थिकदृष्ट्या जवळ येतात, त्याच्या काही पायऱ्या अर्थशास्त्रात सांगितल्या जातात. पहिल्या पायरीवर ते एकमेकांना काही वस्तूंवर शुल्कात सूट देतात. दुसरी पायरी मुक्त व्यापार क्षेत्राची: आपापसांतील बहुतेक शुल्क काढून टाकायचे, मात्र बाहेरच्या जगासाठी प्रत्येकाने स्वतःचे दर ठेवायचे. तिसरी पायरी म्हणजे सीमाशुल्क संघ. त्यात आतले शुल्क तर जातेच, शिवाय बाहेरच्या जगासाठी सर्वांचा दर एकच असतो. पुढे श्रम आणि भांडवल मोकळे करणारी सामाईक बाजारपेठ आणि शेवटी समान चलन.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतील फरक कागदावर किरकोळ वाटतो. व्यवहारात सारा घोळ तेथेच आहे. एका वाड्यात चार बिऱ्हाडे राहतात आणि त्यांच्यामधली दारे सताड उघडी आहेत, असे समजू. प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार असेल, तर चौघांपैकी ज्याचे दार सर्वांत ढिले त्याच्याकडून येणारा माणूस चारही घरांत शिरणार. बाकीच्या तिघांनी आपापल्या दाराला कितीही भक्कम अडसर लावला तरी उपयोग नाही. वाड्याला एकच दिंडीदरवाजा असेल तरच पहारा शक्य होतो. सीमाशुल्क संघ म्हणजे हा दिंडीदरवाजा.

जर्मन राज्यांनी १ जानेवारी १८३४ पासून 'त्सोलफेराइन' या नावाने असा संघ उभारला. राजकीय एकीकरण त्यानंतर ३७ वर्षांनी झाले. दक्षिण आफ्रिका व तिच्या शेजाऱ्यांचा १९१० चा संघ आजही चालू आहे आणि जगातील विद्यमान संघांत तो सर्वांत जुना मानला जातो. युरोपातील सहा देशांनी १ जुलै १९६८ रोजी आपला सीमाशुल्क संघ पूर्ण केला. योगायोग असा, की नेपाळमार्गे येणारे सोयाबीन तेल ज्या देशांत गाळले जाते, ते अर्जेंटिना आणि ब्राझील हेही 'मर्कोसुर' या संघाचे सदस्य आहेत. १९९१ च्या असुन्सिऑन कराराने तो स्थापन झाला आणि १९९५ पासून त्याचे बाह्य शुल्क समान झाले, जरी त्यात अपवादांची ठिगळे पुष्कळ आहेत.

दक्षिण आशिया मात्र दुसऱ्याच पायरीवर थांबला. 'साफ्टा' हा दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादेत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यातील अल्पविकसित सदस्यांसाठी भारताने २०११ मध्ये आपली संवेदनशील वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली; उरल्या त्या मुख्यतः दारू आणि तंबाखू. खाद्यतेल तेव्हाच मोकळे झाले. नेपाळशी तर भारताचा स्वतंत्र व्यापार करारही आहे आणि त्यातही नेपाळी मालाला शुल्कमाफी आहे.

समान बाह्य शुल्क नसलेल्या अशा व्यवस्थेत बचावाचे एकच साधन उरते, ते म्हणजे उगमाचे नियम. माल खरोखर त्याच देशात तयार झाला आहे काय, हे त्यांवरून ठरते. अल्पविकसित देशांसाठी अट अशी, की तिसऱ्या देशातून आणलेल्या कच्च्या मालावर ढोबळ मानाने ३० टक्के मूल्य स्वतःच्या भूमीवर चढलेले असावे आणि मालात पुरेसे रूपांतर झालेले असावे. कच्चे तेल रिफाइंड केल्याने किमतीत होणारी वाढ तीस टक्क्यांच्या जवळपासही जात नाही, असे भारतीय तेल उद्योगाच्या संघटना सातत्याने सांगत आल्या आहेत. उगमाचा दाखला देणारी यंत्रणा मात्र निर्यातदार देशाचीच असते.

जुनाच खेळ

दाराच्या फटीतून तेल झिरपण्याची ही पहिली वेळ नव्हे. श्रीलंकेशी भारताचा मुक्त व्यापार करार मार्च २००० मध्ये लागू झाला आणि काही वर्षांतच तेथे वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले. त्यांत गुंतवणूक बव्हंशी भारतीय होती. पाम तेल आग्नेय आशियातून श्रीलंकेत स्वस्त शुल्कात यायचे आणि वनस्पती होऊन भारतात बिनशुल्क. अखेर वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालण्यात आली आणि त्या धंद्याची रया गेली. नेपाळच्या बाबतीत १९९६ च्या करारात मूल्यवर्धनाची अटच नव्हती. २००२ च्या नूतनीकरणात ती आली आणि वनस्पतीला वार्षिक एक लाख टनांची मर्यादा बसली. पुढे पाळी पाम तेलाची. रिफाइंड पाम तेल नेपाळमधून येऊ लागले. भारताने ८ जानेवारी २०२० रोजी त्याची आयात 'मुक्त' वर्गातून 'निर्बंधित' वर्गात टाकली, तेव्हा त्याच कारखान्यांनी सोयाबीन तेलाकडे मोर्चा वळवला.

प्रत्येक वेळी वस्तू बदलली, वाट तीच राहिली. जेकब व्हायनर या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये सीमाशुल्क संघावर लिहिताना व्यापाराची निर्मिती आणि व्यापाराचे वळण असा भेद केला होता. शेजाऱ्याचा खरोखर स्वस्त माल आपल्या महाग मालाची जागा घेतो तेव्हा व्यापार निर्माण होतो. केवळ शुल्कातील फरकामुळे माल आडवळणाने फिरतो तेव्हा कोणाचेच उत्पादन वाढत नाही. बंदरातून तराईत आणि तराईतून पुन्हा उत्तर भारतात हिंडणारे टँकर हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे.

तथापि वाशिमच्या पडलेल्या भावाचे सारे खापर नेपाळवर फोडणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल. क्विंटलभर सोयाबीन गाळले तर सुमारे १८ किलो तेल निघते. उरते ती ८० किलोंच्या आसपास पेंड. म्हणून सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीच्या मागणीवर अधिक हलतो. २०२४ मध्ये जगात पेंडीचा सुकाळ होता, ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड भारतीय पेंडीहून स्वस्त पडत होती आणि देशात मका व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. भावाला सर्वांत मोठा मार बसला तो येथे. शिवाय भारत वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो. नेपाळचा वाटा त्यात काही लाख टनांचाच. दिल्लीची धोरणेही धरसोडीची. ऑक्टोबर २०२१ पासून जवळजवळ तीन वर्षे कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्य होते, ते सप्टेंबर २०२४ मध्ये एकदम २० टक्के झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस निम्म्यावर, १० टक्क्यांवर आले. पेरणीच्या वेळी एक दर आणि काढणीच्या वेळी दुसरा, अशा परिस्थितीत शेतकऱ्याने कोणते गणित मांडावे?

तरीही नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाचे महत्त्व त्याच्या टनांवरून मोजता येणार नाही. शुल्क वाढवणे हे तेलबिया उत्पादकाच्या बाजूने सरकारच्या हाती असलेले एक प्रमुख हत्यार आहे. ते जितके जास्त परजावे, तितका आडवाटेने येणाऱ्याचा नफा वाढतो. २०२५ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये करण्यात आला; परंतु सरकारी खरेदी मर्यादित राहणार असेल आणि शुल्काची भिंत बाजूने ओलांडता येत असेल, तर हमीभाव हा बहुतांना फलकावर वाचण्याचाच आकडा राहतो.

पैनगंगेवरचे नाके

सीमाशुल्क संघ कसा घडतो हे पाहण्यासाठी वाशिमकरांना जर्मनीकडे पाहण्याचीही गरज नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. आज तिच्या पलीकडे हिंगोली जिल्हा आहे आणि रिसोडचा शेतकरी सेनगावच्या बाजारात माल नेताना कोणाला काही विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी ही नदी दोन वेगवेगळ्या अर्थव्यवस्थांची सीमा होती. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या हाती गेले होते. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. नदीपलीकडे मात्र निजामाचे राज्य, निजामाचा हाली सिक्का आणि निजामाचे स्वतंत्र सीमाशुल्क खाते. या खात्याला 'करोडगिरी' म्हणत. ब्रिटिश हद्दीतून येणाऱ्या मालावर पाच टक्के शुल्क लागे. ती मर्यादा १८०२ च्या व्यापारी तहापासूनची. निजाम राज्याची रेल्वे पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आली आणि तेथेच थांबली. वाशिम-अकोल्याशी ती जोडली गेली ती स्वातंत्र्यानंतर.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आले, परंतु करोडगिरी त्याच दिवशी गेली नाही. राज्याच्या उत्पन्नाचा तो एक मोठा झरा होता. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त केला खरा. त्याच वेळी ३०६ व्या कलमाने 'ब' वर्गातील राज्यांना, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांना, ठरावीक काळापुरते अंतर्गत शुल्क चालू ठेवण्याची मुभा दिली. दरम्यान संस्थानांच्या महसुलात पडणारी खिंडारे केंद्राने अनुदान देऊन भरून काढण्याची व्यवस्था झाली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३०६ वे कलम वगळले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पैनगंगेचे दोन्ही काठ मुंबई राज्यात आले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. नाका उठतो तेव्हा त्याच्यावर पोसलेल्या तिजोरीचे काय, याचे उत्तर आधी द्यावे लागते. त्सोलफेराइनने शुल्काचे उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घेतले. आफ्रिकेतील संघात सामाईक निधी आहे आणि त्यातील वाट्यावर लेसोथो, इस्वातिनीसारख्या छोट्या देशांचा राज्यकारभार बऱ्याच अंशी चालतो. भारतात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही राज्यांना पाच वर्षे वार्षिक १४ टक्के वाढीच्या हिशेबाने भरपाईची हमी द्यावी लागली होती. मुंबईच्या जकातीचे उत्पन्न गेले तेव्हा महापालिकेला नुकसानभरपाई कायद्याने बांधून द्यावी लागली, हे शहरी वाचकांच्या स्मरणात असेल.

भारत आणि नेपाळ यांच्यात अशी कोणतीही सामाईक तिजोरी नाही. नेपाळच्या सरकारी उत्पन्नात सीमेवर गोळा होणाऱ्या करांचा वाटा मोठा आहे. उद्या समान बाह्य शुल्क ठरले तर ते भारताच्याच दराने ठरणार हे उघड आहे. नेपाळची अवस्था मग तुर्कस्तानसारखी होईल. १९९५ च्या अखेरीस लागू झालेल्या व्यवस्थेने तुर्कस्तान औद्योगिक मालापुरते युरोपीय सीमाशुल्क संघात आले. युरोपने ठरवलेले दर त्याला पाळावे लागतात, पण ते ठरवण्याच्या टेबलावर त्याला खुर्ची नाही. काठमांडूतील कोणतेही सरकार हे खुशीने स्वीकारील असे वाटत नाही, आणि त्यात त्याचे चुकते असेही नाही.

सार्कच्या पातळीवर तर बोलायलाच नको. १९९८ मध्ये, म्हणजे वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, सार्कच्या मान्यवर व्यक्तींच्या गटाने एक वेळापत्रक सुचवले होते: २००८ पर्यंत मुक्त व्यापार, २०१५ पर्यंत सीमाशुल्क संघ, २०२० पर्यंत आर्थिक संघ. प्रत्यक्षात २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सदस्य देशांचे प्रमुख शिखर परिषदेसाठी पुन्हा एकत्र बसलेले नाहीत. २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले आणि मे २०२५ मध्ये ती आयात पूर्णच बंद केली. दक्षिण आशियाचा आपसातील व्यापार त्याच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो.

मग शेजाऱ्यांसाठीचे दार लावूनच घ्यावे, असे कोणी म्हणेल. तेथे संत्र्याचे उदाहरण आडवे येते. मंगरूळपीर, कारंजा भागातील आणि एकूणच विदर्भातील संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. त्या देशाने संत्र्यावरील आयात शुल्क २०१९ मधील किलोमागे २० टक्यांवरून चढवत २०२३ मध्ये ८८ टक्यांवर नेले. निर्यात आटली, बागांतील भाव कोसळले आणि राज्य सरकारला निर्यातदारांसाठी शुल्काच्या निम्म्या रकमेचे अनुदान जाहीर करावे लागले. ढाक्याच्या मालाला भारतात शुल्कमाफी, विदर्भाच्या संत्र्याला मात्र ढाक्याच्या सीमेवर भरमसाट कर, अशी ही एकाच करारातील दोन टोके आहेत. सोयापेंडीचे गिऱ्हाईकही बांगलादेश आणि नेपाळ हेच. दारे लावून घेतली तर वाशिमचा माल आधी अडकेल.

तेव्हा उरतो तो मधला, किचकट मार्ग. भारताने सप्टेंबर २०२० पासून 'कॅरोटार' नावाचे नियम लागू केले; त्यांनुसार केवळ परदेशी दाखला पुरेसा नाही, मूल्यवर्धनाचा तपशील स्वतःजवळ बाळगण्याची आणि मागितल्यास सादर करण्याची जबाबदारी भारतीय आयातदारावर आहे. नियम चांगला आहे. कसोटी आहे ती सीमेवरील तपासणीची, आणि शेजारी देशाशी संबंध नाजूक असताना ती कितपत कसून होते याची. श्रीलंका आणि नेपाळच्या वनस्पतीला घातली तशी वार्षिक टनांची मर्यादा हा दुसरा उपाय. तो पूर्वी लागू पडलेला आहे. बिनशुल्क तेल केवळ 'नाफेड'सारख्या सरकारी यंत्रणेमार्फतच यावे, अशीही सूचना उद्योगाकडून झाली आहे.

काठमांडूची बाजूही ऐकायला हवी. भारताशी प्रचंड व्यापारतूट असलेल्या त्या देशाला निर्यातीचे आकडे हवे आहेत, तराईतील रोजगार हवे आहेत. पण परक्याच्या तेलावर उभी असलेली ही निर्यात भारताच्या एका अधिसूचनेने रातोरात कोसळते, हे पाम तेलाच्या वेळी नेपाळनेही अनुभवले. वेलदोडा, आले, चहा आणि विशेषतः जलविद्युत यांची गोष्ट वेगळी. नेपाळची वीज २०२१ पासून भारताच्या ऊर्जा बाजारात विकली जाते आणि ऑक्टोबर २०२४ च्या त्रिपक्षीय करारानुसार भारताच्या तारांवरून बांगलादेशातही पोहोचते. त्या विजेच्या उगमाविषयी कोणाला शंका घ्यावी लागत नाही.

भारत-नेपाळ व्यापार कराराचा सध्याचा मसुदा २००९ चा आहे. दर सात वर्षांनी त्याची मुदत आपोआप वाढते; २०१६ मध्ये वाढली, २०२३ मध्येही वाढली. मूल्यवर्धनाच्या कलमावर त्या दोन्ही वेळी फेरविचार झाला नाही. पुढची मुदत ऑक्टोबर २०३० मध्ये संपते, म्हणजे वाशिमच्या बाजार समितीत नव्या सोयाबीनची आवक ऐन भरात असताना.